मलप्पुरमची तार : गावात इंटरनेट नेणारा ‘खासगी’ माणूस कोण होता?

मराठी वाचकाला मलप्पुरम माहीत असतं ते बहुधा एकाच वाटेनं, ‘मोपल्यांचे बंड’. सावरकरांनी त्यावर कादंबरी लिहिली. केरळमधल्या त्या मुलखाविषयी आपल्याकडची चर्चा १९२१ला सुरू होते आणि तिथेच संपते. बंड जमीनदारांविरुद्ध होतं, इंग्रजांविरुद्ध होतं की हिंदूंविरुद्ध, यावर पुष्कळ शाई खर्ची पडलेली आहे. त्या वादात आज शिरायचं नाही. मला त्यातला फक्त एक बारीक तपशील हवा आहे.

ऑगस्ट १९२१ मध्ये तिरुरंगाडीला गोळीबार झाला आणि एरनाड, वळ्ळुवनाड हे तालुके पेटले. तेव्हा बंडखोरांनी सुरुवातीलाच ज्या गोष्टी केल्या त्यात टेलिग्राफच्या तारा तोडणं आणि रेल्वेचे रूळ उखडणं होतं. तार कोणासाठी आहे, हे त्या निरक्षर कुळांना पक्कं ठाऊक होतं. तारेवरून साहेबाचा निरोप जायचा आणि रुळांवरून पलटण यायची. त्याच नोव्हेंबरात तिरूर स्टेशनातून बंद मालडब्यात कोंबून कैदी रवाना झाले. पोदनूरला डबा उघडला तेव्हा आत प्रेतं होती. सुमारे ७० माणसं गुदमरून मेली. मापिला मुसलमानाच्या घरात आधुनिक दळणवळणाची पहिली आठवण ही अशी आहे.

याच मुलखात ८१ वर्षांनी, १८ नोव्हेंबर २००२ रोजी, राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आले आणि त्यांनी ‘अक्षय’ नावाच्या योजनेचं उद्घाटन केलं. कल्पना अशी की जिल्ह्यातल्या प्रत्येक घरातला किमान एक माणूस संगणक हाताळायला शिकेल, प्रत्येक घरापासून दोन किलोमीटरच्या आत इंटरनेटचं केंद्र असेल, आणि ही केंद्रं सरकार नव्हे, तर गावातली माणसं स्वतःच्या भांडवलावर चालवतील. ‘सरकारी-खासगी भागीदारी’ हा शब्द आपल्याकडे टोलनाक्यांमुळे बदनाम झाला. पण गावात वेगवान इंटरनेट नेण्यासाठी भारतात ती एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरली गेली ती इथे, एका मुस्लिमबहुल आणि मागास म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यात. ही गोष्ट आपल्या लेखनात फारशी येत नाही, म्हणून हा खटाटोप.

मलप्पुरम जिल्हा जन्मला तोच वादातून. १६ जून १९६९ रोजी नंबूदिरीपाद सरकारनं तो स्थापन केला, तेव्हा ‘मोपलास्तान’ होतंय, ‘छोटं पाकिस्तान’ होतंय अशी ओरड झाली. मोर्चे निघाले. प्रत्यक्षात मलबारचा हा भाग त्रावणकोर-कोचीनच्या तुलनेत शाळा, दवाखाने, रस्ते सगळ्यातच मागे होता. इंग्रजी शिक्षणाबद्दल १९२१नंतर मापिला समाजात जी अढी बसली ती सुटायला दोन-तीन पिढ्या गेल्या. पुढे सत्तरच्या दशकात आखाताची दारं उघडली आणि घराघरांतून कोणी ना कोणी दुबई, जेद्दा, दोहाला गेलं. पैसा आला, पक्की घरं आली, आणि पत्रव्यवहार वाढला. आखातातल्या नवऱ्याला बायकोनं लिहिलेल्या पत्रांवर तिथे गाण्यांचा एक अख्खा प्रकार रूढ झाला. लिहिता न येणाऱ्या बायका पत्र दुसऱ्याकडून लिहून घेत, नाहीतर कॅसेटमध्ये बोलून पाठवत.

मग साक्षरता मोहीम आली. १८ एप्रिल १९९१ रोजी कोळिकोडच्या मानांचिरा मैदानावर केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. ती घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली नाही, राज्यपालांनीही नाही. ती केली चेलक्कोडन आयिशा या मलप्पुरम जिल्ह्यातल्या, उतारवयात अक्षर ओळखायला शिकलेल्या मुस्लिम बाईनं. डोक्यावर पदर घेतलेली ती बाई आणि समोरचा तो जनसमुदाय, हे चित्र केरळच्या आठवणीत पक्कं बसलं आहे. अक्षयची आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हीच मोहीम होती. मुळात मागणी मलप्पुरमच्या जिल्हा पंचायतीकडून आली. आपल्या लोकांना संगणक शिकवायचाय, काही करता येईल का, एवढंच तिचं म्हणणं होतं. तेव्हा राज्यात ए. के. अँटनींचं सरकार होतं, आयटी खातं मलप्पुरमच्याच पी. के. कुञ्ञालिकुट्टींकडे होतं, आणि आयटी सचिव होत्या अरुणा सुंदरराजन. याच बाई पुढे केंद्रात दूरसंचार सचिव झाल्या.

आता पैशाचं गणित बघू, कारण या गोष्टीचा जीव तिथेच आहे.

गावातल्या तरुणांकडून अर्ज मागवले. निवड झालेल्यानं जागा आणायची, संगणक घ्यायचे, बँकेचं कर्ज त्याच्याच नावावर. एका केंद्राच्या वाट्याला साधारण हजार कुटुंबं. केंद्रं सुमारे सहाशे. सरकारनं त्या तरुणाला अनुदान दिलं नाही, गिऱ्हाईक दिलं. प्रत्येक कुटुंबातल्या एकाला १५ तासांचं प्रशिक्षण द्यायचं, त्याची फी १४० रुपये. त्यातले २० रुपये कुटुंबानं भरायचे आणि १२० रुपये ग्रामपंचायत, गट पंचायत आणि जिल्हा पंचायत मिळून देणार. म्हणजे केंद्र उघडल्या दिवसापासून हजार घरांची फी डोळ्यांसमोर. शिकवायचं साहित्य मल्याळममध्ये होतं, सीडीवर. माऊस म्हणजे काय, तो कसा धरायचा, इथपासून सुरुवात.

हे हिशेब वाचताना एक जुनी गोष्ट आठवते. आपल्या मुंबई-ठाणे रेल्वेच्या वेळी, १८४९ साली, कंपनी सरकारनं जीआयपी रेल्वेला भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. फायदा झाला तर भागधारकाचा, तोटा झाला तर रयतेच्या करातून भरपाई. म्हणजे सरकारी-खासगी भागीदारीचा पहिला मोठा करार आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच झालेला होता. त्यात धोका सगळा जनतेचा होता आणि भागीदार लंडनमध्ये बसलेला होता. मलप्पुरममध्ये नेमकं उलट झालं. भागीदार गावातलाच, आणि धोकाही त्याच्याच डोक्यावर.

वर्गात कोण आलं, हे पाहण्यासारखं होतं. घरटी एक माणूस म्हटल्यावर पुरुष परदेशात, मुलं शाळेत, मग उरली कोण? बायका. आजीबाईसुद्धा. आखातातल्या मुलाचा चेहरा संगणकाच्या पडद्यावर दिसतो, या एका गोष्टीनं जे काम केलं ते कोणत्याही सरकारी जाहिरातीनं केलं नसतं. केंद्र चालवणाऱ्यांतही बायका होत्या. २००४ साली मलप्पुरम हा देशातला पहिला ‘ई-साक्षर’ जिल्हा म्हणून जाहीर झाला. पंधरा तासांत कोणी संगणकतज्ज्ञ होत नाही, आणि ‘ई-साक्षर’ या शब्दातही बराच सरकारी उत्साह आहे. तरीही ज्या जिल्ह्याच्या जन्मावर लोकांनी ‘छोटं पाकिस्तान’ म्हणून नाक मुरडलं होतं, त्याचं नाव पहिल्यांदा अशा कामासाठी देशाच्या पेपरात आलं.

या सगळ्याखाली तार कुठे होती? तार नव्हतीच. केरळात आपल्यासारखं एका जागी वसलेलं गाव नसतं. माडाच्या, सुपारीच्या बागांतून घरं विखुरलेली, मध्ये टेकड्या. केबल टाकायची तर खर्च परवडणारा नाही. म्हणून दिल्लीच्या ट्युलिप या कंपनीला काम देऊन बिनतारी जाळं उभारलं. टेकड्यांवर मनोरे, केंद्राच्या छपरावर अँटेना. त्या काळी ‘वेगवान’ म्हणजे किती, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २००४ च्या केंद्र सरकारच्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती सेकंदाला २५६ किलोबिट. आज तेवढ्यात व्हॉट्सॲपवरचा एक व्हिडिओ धड उघडणार नाही. पण डायल-अपच्या किर्र आवाजाला कंटाळलेल्या देशात ती चैन होती.

अडचण इथूनच सुरू झाली. प्रशिक्षण सीडीवर चालत होतं, त्याला इंटरनेट लागत नव्हतं. जोडणी मागाहून आली, काही ठिकाणी फारच मागाहून. तोवर हजार घरांची फी संपलेली. हप्ता मात्र दर महिन्याला सुरू. लोकांना संगणक कळला, पण त्यावर करायचं काय? सरकारची कामं अजून कागदावरच होती. दाखला तहसीलमध्येच मिळणार, बिल रांगेतच भरायचं. ज्याच्या केंद्राजवळ बाजार होता त्यानं टायपिंग, झेरॉक्स, परीक्षेचे अर्ज, डीटीपी यावर तग धरला. आडबाजूचा बुडाला. शेकड्यांनी केंद्रं बंद पडली. रेनी कुरियन आणि ईशा रे या संशोधकांनी अक्षयचा बारकाईनं अभ्यास केला आहे. त्यांनी हाच पेच मांडला, की गरिबांची सेवा कर असंही त्या तरुणाला सांगितलं जातं आणि स्वतःच्या पायावर उभा राहा असंही सांगितलं जातं, आणि ही दोन्ही कामं एकाच गल्ल्यातून होत नाहीत.

अक्षयचं कौतुक करणाऱ्या लेखांत हा भाग सहसा दोन ओळींत उरकतात. मला तो मुख्य वाटतो. मलप्पुरमच्या यशाची किंमत ज्यांनी मोजली त्यात वीस-बावीस वर्षांची, वडिलांच्या आखातातल्या कमाईवर किंवा आईच्या दागिन्यांवर कर्ज काढणारी पोरं होती. सरकारनं भागीदार गावातला निवडला हे उत्तमच केलं. पण तो गावातला आहे म्हणून त्याला सोडून देणंही सोपं गेलं. मोठी कंपनी कोर्टात जाते, करार दाखवते. गावातला पोरगा दुकानाला कुलूप लावतो आणि व्हिसा शोधतो.

जी केंद्रं टिकली ती कशामुळे? सरकारनं उशिरा का होईना, आपली कामं तिथे आणली म्हणून. आधी वीज, पाणी, फोनची बिलं. मग अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज, रेशनकार्ड, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेची नोंदणी, आधार. योजना पुढे राज्यभर गेली. आज केरळात ‘अक्षय’ हा शब्द योजनेचं नाव राहिलेला नाही. आपण जसं ‘झेरॉक्सवाल्याकडे जाऊन येतो’ म्हणतो, तसं तिथे लोक ‘अक्षयला जाऊन येतो’ म्हणतात.

केंद्र सरकारनं २००६ साली देशभर एक लाख सेवा केंद्रांची योजना मंजूर केली, तेव्हा अक्षयचा अनुभव समोर होता. फरक एकच केला. सरकार आणि गावातला केंद्रचालक यांच्यामध्ये एक कंपनी बसवली. जी कंपनी कमीत कमी अनुदान मागेल तिला तो भाग मिळणार. केरळनं मधली कंपनी घेतली नाही. आपल्याकडे मराठवाड्यात या केंद्रांचं काय झालं ते मी गिऱ्हाईक म्हणून पाहिलेलं आहे. भाचीच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही तालुक्याच्या गावी तीन खेपा घातल्या. पहिल्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन’, दुसऱ्या दिवशी वीज नाही, तिसऱ्या दिवशी केंद्रचालकानंच सांगितलं, ‘मामू, रात्री अकराच्या पुढं या, तवाच साइट चालतिया.’ आम्ही गेलो. रात्री साडेअकराला अर्ज गेला. त्या माणसानं दहा रुपये जास्त घेतले आणि मला ते अजिबात खटकले नाहीत.

तारेचं काय, हा प्रश्न दिल्लीनं २०११ साली हातात घेतला. ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर झालं : अडीच लाख ग्रामपंचायती, २० हजार कोटी रुपये, मुदत दोन वर्षं. पैसा सार्वत्रिक सेवा निधीतून, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या उत्पन्नातून कापून घेतलेल्या, पर्यायानं तुमच्या-आमच्या बिलातल्याच पैशातून. दोन वर्षांत काही झालं नाही. नाव बदलून ‘भारतनेट’ झालं. पहिल्या एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पण ‘जोडलेली’ ग्रामपंचायत आणि ‘चालू’ ग्रामपंचायत असे दोन वेगळे आकडे ठेवण्याची वेळ आली. रस्ता रुंद करताना जेसीबीनं केबल तोडली तर ती कोणी जोडायची, पंचायतीच्या खोलीतल्या पेटीला वीज कोणी द्यायची, आणि पेटीपासून घरापर्यंत तार कोणी न्यायची? या प्रश्नांना गावात धनी नव्हता.

मग ३० जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ठरवलं की केरळसह १६ राज्यांत हे काम सरकारी-खासगी भागीदारीतून करायचं. तोटा भरून काढायला सरकार १९,०४१ कोटी रुपये देणार. नऊ मोठे गठ्ठे पाडले, एकेका गठ्ठ्यात हजारो गावं. एकही कंपनी काम घ्यायला पुढे आली नाही. निविदा गुंडाळावी लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनं पुन्हा स्वतःच्या खिशात हात घालून १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. १९ हजार कोटींचं आमिष दाखवूनही जे भागीदार मिळाले नाहीत, ते २००२ साली मलप्पुरमला १४० रुपयांच्या फीवर सहाशे मिळाले होते. अर्थात तुलना पूर्ण बरोबरीची नाही. त्या सहाशेंनी फायबर टाकलं नव्हतं, मनोरे कंपनीनंच उभारले. पण गावात नफा आहे की नाही हे कंपनीच्या तक्त्यात दिसत नाही, आणि गावातल्या माणसाला ते आधी दिसतं. हा फरक निविदा लिहिणाऱ्यांच्या लक्षात आला नाही, किंवा लक्षात येऊनही गठ्ठे लहान करण्याचं धाडस त्यांना झालं नाही.

दरम्यान केरळात हा विषय कोर्टात पोचला होता. चेलन्नूरच्या एका कॉलेजात शिकणारी फहीमा शिरीन वसतिगृहाच्या नियमाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. मुलींनी संध्याकाळी मोबाइल वापरायचा नाही, असा तो नियम होता. तिनं तो मानला नाही म्हणून तिला वसतिगृह सोडावं लागलं. सप्टेंबर २०१९ मध्ये न्या. पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला, की इंटरनेट वापरण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे. ‘मुस्लिम मुलीच्या हातात मोबाइल’ या विषयावर आपले मौलवीही बोलतात आणि टीव्हीवरचे अँकरही. हा निकाल मात्र दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

पुढे कोविड आला आणि शाळा मोबाइलवर गेल्या. देशातल्या पहिल्या ई-साक्षर जिल्ह्यात कोट्टक्कलजवळची एक कॉलेज विद्यार्थिनी नेटवर्कसाठी घराच्या कौलांवर बसून तास करत होती. तिचा फोटो देशभर फिरला. ऑनलाइन वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, १ जून २०२० रोजी, याच जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या शाळकरी मुलीनं जीव दिला. घरातला टीव्ही नादुरुस्त होता आणि स्मार्टफोन नव्हता. दोन किलोमीटरवरचं केंद्र त्या दिवशी उपयोगाचं नव्हतं. टाळेबंदीत तार घरात असावी लागते.

केरळ सरकारचं स्वतःचं फायबर जाळं, ‘के-फॉन’, ५ जून २०२३ रोजी सुरू झालं. खर्च १,५४८ कोटी. मालकी सरकारी कंपनीची, आणि तारा राज्य वीज मंडळाच्याच खांबांवरून नेलेल्या, त्यामुळे खोदकामाचा आणि जेसीबीचा प्रश्न बराचसा मिटला. दारिद्र्यरेषेखालच्या २० लाख कुटुंबांना मोफत जोडणी हे उद्दिष्ट. पहिल्या टप्प्यात घेतली १४ हजार. खांबापासून घरापर्यंतची तार ओढायचं काम बऱ्याच ठिकाणी गावातल्या केबलवाल्याकडे आहे. त्याच्याकडे शिडी असते, गल्लीतलं कुत्रं त्याला ओळखतं, आणि कोणाचं बिल थकलंय तेही त्याला माहीत असतं. त्याचा वाटा किती, तो वेळेवर मिळतो का, आणि धंदा बसला तर त्याच्या कर्जाचं काय, हे प्रश्न २००२ साली अक्षय केंद्राच्या पोरांनाही पडले होते.

२० लाखांतली ज्या घरांची पाळी अजून यायची आहे, तिथली माणसं रेशनकार्डाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला अजूनही ‘अक्षयला’ जातात.